चेकची फाटकी कड

१

चेक क्रमांक ३४१८ परत आला तो गुरुवारच्या टपालात, आणि पाच मिनिटांत मार्लिस ट्वेट अंगात कोटही न घालता तीन घरं ओलांडून व्हर्ना स्कोगेनच्या दारात उभी राहिली. मिनेसोटात, नोव्हेंबर महिन्यात, हेल्मरसारख्या गावात कुणी बिनकोटाचं बाहेर पडलं तर घराला आग लागली असं समजायचं. व्हर्नाने आधी तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे नजर टाकली. धूर दिसत नव्हता.

"आत ये. कॉफी टाकते."

"कॉफी नको," मार्लिस म्हणाली. हे ऐकल्यावर मात्र व्हर्नाने तिला हाताला धरून आत ओढलं.

मार्लिसने चेक टेबलावर ठेवला. दीड हजार डॉलर, 'सीडर बेंड' या नावाने. सीडर बेंड म्हणजे गावाच्या नदीकडच्या टोकाचा वृद्धाश्रम. खाली कारण छापलं होतं: 'खोलीची अनामत, ऑरिन ट्वेट.' सही ऑरिनचीच होती, थरथरती.

"बाबांचं खातं, बाबांची सही, माझ्या खोलीतला प्रिंटर," मार्लिस म्हणाली. "आणि हा चेक मी छापलेला नाही."

ऑरिन ट्वेट शहाऐंशी वर्षांचा होता. हात इतके कापायचे की चमच्यातलं सूप ताटलीत परत जायचं. म्हणून गेली नऊ वर्षं त्याचे चेक मार्लिस घरीच छापत होती. कोऱ्या चेकांचे कागद विकत मिळतात, एका कागदावर तीन चेक. कॉम्प्युटरातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर नाव, रक्कम आणि तळाशी बँकेचे आकडे छापून देतं. म्हाताऱ्याने फक्त सही करायची.

चेकबरोबर आश्रमाची चिठ्ठी होती, अगदी गोडीगुलाबीची. बँकेच्या यंत्राला तुमचा चेक वाचता आला नाही, कृपया दुसरा पाठवा, खोली सोमवारपर्यंत राखून ठेवू.

"तुझ्या भावाला कळवलंस?"

"त्याचंच काम आहे हे! दोन वर्षं कानीकपाळी ओरडतोय, बाबांना आश्रमात ठेव, आश्रमात ठेव. फोन केला तर उलट माझ्यावरच उखडला. म्हणे तुलाच बाबांचा कंटाळा आलाय, बिलांच्या चेकांत हा घुसवून सही घेतलीस. शनिवारी येतोय फार्गोहून. बाबांना घेऊन जाणार, घर विकायला काढणार." तिने नाक पुसलं. "मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, व्हर्ना. मी त्या घरातून त्यांना घालवीन?"

"ऑरिनला कळलंय का यातलं काही?"

"छे! आणि कळू द्यायचंही नाही. तुम्हाला कुणीतरी घराबाहेर काढायला निघालंय, असं सांगू त्यांना?"

"बरोबर आहे," व्हर्ना म्हणाली. हेल्मरमध्ये यालाच रीत म्हणतात. ज्या गोष्टीने कुणाला वाईट वाटेल ती बोलायची नाही, आणि ज्याच्याविषयी आहे त्याच्यासमोर तर नाहीच.

व्हर्नाने एकतीस वर्षं बँकेच्या मागच्या खोलीत काढली होती, चेक वाचून वेगळे करणाऱ्या यंत्रावर. यंत्राने बाहेर टाकलेला प्रत्येक चेक तिच्या हातात यायचा. बँकेत पुढे बसणारे लोक चेकची पुढची बाजू बघतात. मागच्या खोलीतली माणसं आधी मागची बघतात. तिने सवयीने चेक उलटा केला आणि चष्मा पुसला.

चेकच्या मागे, पैसे घेणाऱ्याने सही करायच्या रेघा असतात. त्या या चेकवरही होत्या. पण भलत्याच टोकाला.

२

शुक्रवारी सकाळी व्हर्ना ट्वेटांच्या घरी गेली, हातात भोपळ्याच्या वड्यांचा डबा घेऊन. हेल्मरमध्ये रिकाम्या हाताने जाऊन चौकशी करता येत नाही.

मार्लिसने तिला कॉम्प्युटरवरची नोंद दाखवली. चेक ३४१८ गेल्या आठवड्यातल्या मंगळवारचा होता. मंगळवारी साडेनऊ ते बारा मार्लिस चर्चच्या तळघरात बायकांबरोबर गोधड्या शिवायची. ते सगळ्या गावाला पाठ होतं. त्या वेळात तिचा भाऊ ड्वेन येऊन खिडक्यांना हिवाळ्यासाठीच्या जादा काचा बसवून गेला होता, आणि ऑरिनला अंघोळ घालायला येणारी रॉक्सॅनही घरातच होती.

"आणि पासवर्ड?"

मार्लिसने मुकाट्याने कीबोर्ड उचलला. खाली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर आईचं नाव.

"म्हणजे कुलूपही आहे आणि किल्लीही कुलपातच," व्हर्ना म्हणाली. "बरं, तू चेक कसा छापतेस ते दाखव मला. काही गाळू नकोस."

मार्लिसने कपाटातून बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा काढला. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं कार्ट्रिज होतं. "ही चुंबकाची शाई. बँकेचं यंत्र हीच वाचतं. नव्वद डॉलर पडतात, म्हणून फक्त चेकपुरती घालते. बाकी चर्चची पत्रकं, पाककृती, सगळं साध्यावर." तिने प्रिंटरमधलं साधं कार्ट्रिज काढून हे बसवलं, कोऱ्या चेकांचा नवा पुरा कागद ट्रेमध्ये ठेवला आणि टेलिफोनच्या बिलाचा चेक छापला. पडद्यावर प्रश्न उमटला: चेक नीट छापला गेला का? मार्लिसने न बघताच 'हो' दाबलं आणि वरचा चेक छिद्रांच्या रेघेवर फाडून घेतला.

"आणि उरलेले दोन?"

"ते तसेच जोडलेले ठेवते. पुढच्या वेळी आधी ते. मग मधला जातो, शेवटी खालचा. मी कागद वाया घालवत नाही." ती थांबली. "त्या मंगळवारपर्यंत या कागदांच्या पाकिटात असाच दोनाचा तुकडा होता. आता हा एकच चेक उरलाय."

व्हर्नाने तो उरलेला कोरा चेक खिडकीशी नेला. मग ३४१८ शेजारी धरला, त्याच्या शेजारी टेलिफोनचा. टेलिफोनचे आकडे काजळासारखे मंद होते. ३४१८चे पॉलिश केलेल्या बुटासारखे चकाकत होते.

"साधी शाई. म्हणून यंत्राने थुंकून टाकला. ज्याने छापला त्याला तुझा डबा माहीत नव्हता, मार्लिस."

मार्लिसच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला आणि गेला. "ड्वेन म्हणेल, मुद्दाम केलं. अंगाशी येऊ नये म्हणून."

तो तसं म्हणेल हे व्हर्नालाही पटलं.

बाहेरच्या खोलीत ऑरिन खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सामानाची यादी करत होता. गावच्या साप्ताहिकाचं छपाई यंत्र त्याने चाळीस वर्षं चालवलं होतं. ते साप्ताहिक बंद पडलं त्याला वीस वर्षं झाली, तरी अजून कुणी छापील कागद हातात दिला की आधी तो उजेडात धरून बघायचा आणि मग वाचायचा.

"व्हर्ना! या वड्या तू केल्यास की बेकरीतल्या?"

"मी."

"मग एकच दे."

व्हर्ना हसली. ऑरिनने यादी तिच्याकडे सरकवली, मार्लिसला देण्यासाठी. ओट्स, अंडी, वाटाणे, एवढीच मोठाली वेडीवाकडी अक्षरं. बँकेने फुकट वाटलेल्या पॅडचं पान होतं ते, पण बँकेचं छापील नाव तळाशी उलटं आलं होतं.

"ऑरिन, कागद उलटा धरलात."

"कागद बरोबर आहे. बँकेने नाव चुकीच्या बाजूला छापलंय," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काय शोधतेयस आत?"

"काही नाही. शाईचं बघत होते."

"शाईचं मला विचारायचं की," ऑरिन म्हणाला. व्हर्नाने वाटाण्यांचा विषय काढला.

३

रॉक्सॅन त्या दिवशी दुपारी चौकातल्या कॅफेत सापडली, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून केक खात असलेली. तिची बहीण सीडर बेंडच्या स्वयंपाकघरात होती. व्हर्नाला ते ठाऊक होतं, आणि व्हर्नाला ठाऊक आहे हे रॉक्सॅनलाही.

"सरळ विचारा ना," रॉक्सॅन म्हणाली. ती मूळची शिकागोकडची, त्यामुळे तिला हेल्मरचं वळणावळणाचं बोलणं जमत नसे. "मी म्हाताऱ्याला तिथे ढकलून दलाली खाल्ली का, असंच ना? नाही खाल्ली. तो आश्रमात गेला तर माझे आठवड्याचे दोन दिवस बुडतात. मग मी काय करू, गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला अंघोळ घालू?"

"त्या मंगळवारी काय झालं?"

"काही नाही. ऑरिन म्हणाले, आधी तळघरात जाऊन वाळवायच्या यंत्रातले कपडे काढ, अंघोळ मग. मी खाली गेले. वर प्रिंटर सुरू झालेला ऐकू आला. मला वाटलं ड्वेन असेल."

"वर येऊन पाहिलं नाहीस?"

"माझा काय संबंध? आणि टॉवेल अर्धे ओले होते."

व्हर्नाने संध्याकाळी फार्गोला फोन लावला. ड्वेन दूध काढायची यंत्रं विकायचा, आणि फोनवरही गोठ्यात बोलावं तसा ओरडून बोलायचा.

"मी शिडीवर होतो! दोन तास! थंडीने बोटं गळायची वेळ आली होती. हो, प्रिंटरचा आवाज आला मला. मी म्हटलं मार्लिस लवकर आली असेल, चर्चपासून घर काय लांब आहे? आता कळतंय काय छापत होती ते."

"आत डोकावला नाहीस?"

"कशाला डोकावू? दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय नाही आमच्यात."

व्हर्नाने फोन ठेवला. तळघरातल्या बाईला वाटलं शिडीवरचा पुरुष, शिडीवरच्या पुरुषाला वाटलं त्याची बहीण. दोघांनी आवाज ऐकला आणि दोघांनी मान वळवली नाही. ती ३४१८ घेऊन बराच वेळ बसली. कुणी आणि का, हे दोन प्रश्न सोडून ती तिसऱ्याच प्रश्नाशी अडली होती: कागद उलटा घालायची गरज कुणाला पडेल?

स्वयंपाकघरात जाऊन तिने एक कोरा कागद घेतला, पेनाने तीन भाग केले, वरचा फाडून टाकला, आणि उरलेला तुकडा हातात उलटसुलट फिरवू लागली. तिसऱ्या वेळी तिचा हात थांबला.

"अरे देवा," ती म्हणाली. "वाटाणे!"

४

शनिवारी अकराला ड्वेनची गाडी आली. ऑरिन अंघोळीनंतर आतल्या खोलीत आडवा झाला होता, आणि बाहेर त्याची दोन मुलं दबक्या आवाजात एकमेकांच्या उरावर बसली होती. रॉक्सॅन टॉवेल घेऊन दारात उभी होती आणि जायचं नाव काढत नव्हती.

"तू सोमवारी आश्रमाला दुसरा चेक देणार होतीस, कबूल कर!"

"तूच खोली ठरवलीस, आणि आता फार्गोला नेतो म्हणून मोठेपणा घेतोस!"

"पाच मिनिटं दोघं गप्प बसा," व्हर्ना म्हणाली. "मग भांडा. ड्वेन, हा धर." तिने जोडलेल्या दोन कोऱ्या चेकांचा तुकडा त्याच्या हातात दिला. "समज तुला आत्ता एक चेक छापायचाय. कागद घाल."

ड्वेनने तुकड्याकडे पाहिलं, तो बाजूला ठेवला आणि कागदांच्या पाकिटातला नवा पुरा कागद घेतला. "फाटक्या कागदावर कोण छापतं?"

"रॉक्सॅन?"

रॉक्सॅनने तो तुकडा टेबलावर होता तसाच उचलून ट्रेमध्ये टाकला. मार्लिसनेही तसाच घातला, फाटकी कड पुढे, मधला चेक वर. अकरा सेकंदही लागले नाहीत.

"आता बघा." व्हर्नाने पाकिटातून मंगळवारचा उरलेला कोरा चेक काढून दाखवला. "मार्लिस आधी वरचा चेक वापरते, मग मधला, मग खालचा. म्हणजे एकच उरला तर तो खालचा हवा. त्याची खालची कड कारखान्यात कापलेली, गुळगुळीत असायला हवी. याच्या दोन्ही कडा दातेरी आहेत. हा मधला आहे. खालचा आधी छापला गेला, तोच हा ३४१८. म्हणजे कुणीतरी कागद फिरवून, गुळगुळीत कड पुढे करून घातला. पुढून चेकला उलट-सुलट नसतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. पण मागच्या रेघा भलत्या टोकाला गेल्या."

"म्हणजे कुणीतरी गोंधळलं," ड्वेन म्हणाला.

"गोंधळलं नाही. मुद्दाम फिरवला, आणि अगदी विचार न करता फिरवला. हाताला तसं वळण आहे म्हणून. फाटकी कड यंत्राच्या तोंडाशी द्यायचीच नाही, कागद वाकडा ओढला जातो, हे ज्याच्या हातात मुरलंय त्याने." तिने पर्समधून वाटाण्यांची यादी काढून टेबलावर ठेवली. "पॅडमधून फाडलेलं पान आहे. फाटकी कड खाली, सरळ कड वर. बँकेचं नाव उलटं झालं तरी चालेल. चाळीस वर्षं छपाई यंत्राला कागद भरवणारा माणूस एकच आहे या घरात."

मार्लिसने यादी उचलून चेकशेजारी धरली.

"बाबांना शर्टाचं बटण लावता येत नाही," ड्वेन शेवटी म्हणाला. एकदम हळू बोलला तो.

"बटण लावता येत नाही. कीबोर्डवर एका बोटाने चाळीस अक्षरं दाबता येतात. वाळलेले कपडे आणायला रॉक्सॅन तळघरात, तू शिडीवर, मार्लिस चर्चमध्ये. मंगळवार त्यांनी निवडला होता."

"पण का?"

"ते मला माहीत नाही," व्हर्ना म्हणाली. आणि मग तिला स्वतःचीच अशी लाज वाटली की ती खाली बसली. "तीन दिवस मी शाई तपासतेय, कडा मोजतेय. माणूस पलीकडच्या खोलीत होता. मी त्यांच्याशी वाटाण्यांवर बोलले. तू विचारलंस त्यांना, मार्लिस? तू, ड्वेन?"

"त्यांना वाईट वाटलं असतं," मार्लिस म्हणाली.

"त्यांच्या लक्षात नसतं," ड्वेन म्हणाला.

आतून आवाज आला. "त्यांना ऐकूही येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

५

ऑरिन पलंगाच्या कडेवर बसला होता, पायात एकच मोजा. व्हर्नाने ३४१८ त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा तुम्ही छापलात?"

"हो," ऑरिन म्हणाला. "काय चुकलं? एकही ओळ वाकडी नाही गेली."

"शाई चुकली. बँकेला चुंबकाची लागते. ती बिस्किटांच्या डब्यात असते."

"शाई!" म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. चाळीस वर्षांत कुणी त्याच्या शाईला नाव ठेवलं नव्हतं. "डब्यात शाई ठेवतं का कुणी? मला कोण सांगणार!"

"बाबा," मार्लिस पुढे येऊन म्हणाली, "तुम्हाला इथून जायचंय? माझं काय चुकलं?"

"तुझी ओटची लापशी चुकते, पण त्याचा काही संबंध नाही." तो चेकची कड बोटाने सरळ करत राहिला. "तुझी मावसबहीण तीन हिवाळे तुला ॲरिझोनाच्या उन्हात बोलावतेय. फोनवर तू तिला काय सांगतेस? मला बर्फ आवडतं म्हणून. मार्लिस, बर्फ कुणालाही आवडत नाही."

मार्लिसने खाली वाकून त्याच्या दुसऱ्या पायात मोजा चढवला.

"डिसेंबर ते एप्रिल. पाच महिने सीडर बेंडला राहीन. जेवण गरम असतं, अर्धे लोक माझ्या ओळखीचे, बाकीच्या अर्ध्यांच्या लग्नपत्रिका मी छापल्यात. मे महिन्यात टोमॅटो लावायला घरी. फॉर्म चर्चमध्ये ठेवलेले असतात, मी एक आणला, आणि चेक त्यात घालून टपालवाल्याच्या हातात दिला."

"मग सांगितलं का नाहीत?" ड्वेनने विचारलं.

"सांगून काय झालं असतं? ही रडली असती आणि तू ओरडला असतास. म्हटलं, खोली पक्की झाली की सांगू." त्याने एकेकाकडे पाहिलं. "दोन वर्षं तुम्ही फोनवर भांडताय मला कुठे ठेवायचं म्हणून. पार्सल असल्यासारखं. पार्सललाच कुणी विचारत नाही, तुला कुठे जायचंय."

"तुम्ही मला विचारायचं होतंत, मला ॲरिझोनाला जायचंय का," मार्लिस म्हणाली. आता ती रागावली होती, आणि राग तिला शोभत होता.

"जायचंय का?"

रॉक्सॅनने टॉवेलची तिसऱ्यांदा घडी घातली.

"तीन वर्षं जायचंय," मार्लिस म्हणाली आणि रडायला लागली. ऑरिनने तिचा हात धरला. ड्वेन खिडकीकडे वळला आणि स्वतःच लावलेल्या काचा ठीक बसल्यात का ते फारच बारकाईने बघू लागला.

मग मार्लिसने बिस्किटांचा डबा काढला. ऑरिनला आधार देऊन तिने टेबलाशी बसवलं. कार्ट्रिज तिने बसवलं. कागद त्याने मागून घेतला, पाहिला, आणि फाटकी कड स्वतःकडे येईल असा फिरवून ट्रेकडे नेला. मार्लिसने एक शब्द न बोलता तो परत फिरवला. प्रिंटर थडथडला. ऑरिनने सही केली, सावकाश, जीभ दातात धरून.

पडद्यावर प्रश्न आला: चेक नीट छापला गेला का?

मार्लिसचं बोट सवयीने 'हो'वर गेलं होतं. तिने ते मागे घेतलं.

"बाबा," तिने विचारलं, "नीट छापलाय का?"

ऑरिनने चेक खिडकीच्या उजेडात धरला. आकडे बघितले, ओळी बघितल्या, मग उलटा करून मागच्या रेघाही बघितल्या. कुणी घाई केली नाही.

"हो," तो म्हणाला. "आता दाब."